पाटीवरचा पुसलेला शब्द

ऑइलपेंटचा वास आला की मला विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजचं फाटक दिसतं. मुली कमी पडू लागल्या म्हणून संस्थेनं मुलांनाही प्रवेश द्यायचं ठरवलं होतं, आणि जूनमधल्या त्या सकाळी शिडीवरचा पेंटर पाटीवरचा ‘महिला’ हा शब्द पांढऱ्या रंगानं झाकत होता. तेवढ्यात माझ्या कुंडल गावच्या मैत्रिणीचे वडील, फौजेतून रिटायर झालेले, तिला मागं बसवून मोटारसायकलवरून आले आणि तिचा कॉलेज सोडल्याचा दाखला मागू लागले. केमिस्ट्रीच्या मॅडम धावत बाहेर आल्या. “अहो, एकच वर्ष राहिलंय. वर्गात पहिली येते ती!” “व्हय मॅडम, लय हुशार हाय,” ते खालच्या आवाजात म्हणाले, “पण पोरींचंच कॉलेज हाय, ह्या एका बोलीवर घरातल्यांनी तिला सोडलीती. आता मी कुणाकुणाला तोंड दिऊ?” “आबा, मी कुणाशी बोलणार न्हाई. खाली मान घालून येईन न् जाईन,” ती म्हणाली. त्यांनी तिच्याकडं बघितलंच नाही. ती पुन्हा मोटारसायकलवर त्यांच्या मागं बसली, आणि दिवाळीनंतर तिचं लग्न झालं. मी तिथंच मुलांबरोबर शिकले, मला काही त्रास झाला नाही, म्हणून मुलींना आता वेगळं कॉलेज कशाला, असं कुणी म्हटलं की मला वाद घालता येत नाही. पण परवा मिरजेत, मी काम करते त्या लॅबमध्ये, ती सासूचा रिपोर्ट न्यायला आली. काचेपलीकडची यंत्रं बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, “मला आत येऊ देत्यात का गं?”