दुसऱ्या ओळीनंतरचा दम

शाळेतली माझी जागा मी माझ्या हातानं वायरीत घातली. पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच. दुसऱ्या कुणाला बोल लावायची सोयसुद्धा ठेवली नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची शाळा, पहिली ते दहावी. मी तिथं संगीताची बाई, पण तासिका तत्त्वावरची. म्हणजे शिक्षकखोलीत खुर्ची नाही, गॅदरिंगच्या फोटोत कडेला. संगीताचा तास तर गणिताच्या सरांनी कधीही मागावा आणि मी द्यावा. एकोणीस वर्षांत माझं म्हणावं असं एकच होतं, सकाळच्या प्रार्थनेला कीबोर्ड वाजवणं. ते कुणी मागितलं नाही, कारण कुणाला येतच नव्हतं.

कीबोर्ड जुनाच, एका माजी विद्यार्थ्यानं दिलेला. वरच्या सा ची पट्टी जरा दाबून वाजवावी लागायची. पुढच्या रांगेत पहिलीची पोरं. घरात तेलुगू बोलणारी बरीच, मराठी शाळेतच शिकतात. प्रार्थनेची दुसरी ओळ लई लांब. ती संपेपर्यंत या चिमण्यांचा दम संपतो. म्हणून मी तिथं दोन मात्रा थांबायची. डाव्या हातानं सूर धरून ठेवायचा, पोरांकडं बघायचं, सगळ्यांचे खांदे वर गेले की तिसरी ओळ. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. पण दहावीची दांडगी पोरंसुद्धा तिथं गुपचूप थांबायची, कारण तीही कधीतरी पुढच्या रांगेत होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मुख्याध्यापकांनी बोलावलं. "बाई, प्रार्थना संगणकावर रेकॉर्ड करून ठेवू. एखाद्या दिवशी तुम्ही आजारी पडलात तर अडचण नको." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एकोणीस वर्षांत माझं काही जपून ठेवावं असं कुणाला वाटलं नव्हतं. येडी मी.

संगणकाच्या बाईंनी एक वायर मागवली. तिचं एक टोक संगणकात जातं. दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना, प्रत्येकीत पाच काटे. एकीवर 'इन' लिहिलेलं, एकीवर 'आउट'. कीबोर्डच्या पाठीमागं तशीच दोन भोकं, त्यांवरही 'इन' आणि 'आउट'. मी इनमध्ये इन घातली, आउटमध्ये आउट. कोण नाही घालणार? चार दिवस मी वाजवतेय आणि संगणक ढिम्म. पाचव्या दिवशी कीबोर्ड मांडीवर घेऊन रिक्षानं नवी पेठेत दुकानदाराकडं गेले. त्यानं मान वर न करताच सांगितलं, "बाई, कीबोर्डातनं भाईर येतंय ते वायरीत आत जायला पायजे की. उलटं लावा." तो हसला, मीही हसले. शाळेत येऊन उलटं लावलं तर पट्टी दाबली की पडद्यावर रेघ! मी टाळ्या वाजवल्या हो, लहान पोरीसारख्या.

"यात आवाज जातच नाही," संगणकाच्या बाई म्हणाल्या. "कुठली पट्टी कधी दाबली, किती वेळ दाबली, एवढंच जातं. त्यामुळं नंतर पाहिजे ते दुरुस्त करता येतं."

"दुरुस्त करण्यासारखं काय आहे त्यात?" मी म्हटलं. त्या माऊस हलवत होत्या.

मी वाजवलं. समोर भिंत होती, तरी दुसऱ्या ओळीनंतर थांबले. मनातल्या मनात पोरांचे खांदे वर जाऊ दिले आणि मग पुढं गेले. एका दमात झालं सगळं.

सोमवारी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, उद्यापासून सकाळची धावपळ बंद. तुमचा तास तिसरा, तेव्हाच या. तुमचीही सोय झाली." सोय! गरज सरो, वैद्य मरो, आणि वर वैद्याची सोय!

तरी दुसऱ्या दिवशी मी सवयीनं वेळेवरच गेले. फाटकाशी उभी राहिले. मुख्याध्यापकांनी माइकवर सांगितलं, "आजपासूनची प्रार्थना आपल्या संगीताच्या बाईंनी वाजवलेली आहे." स्पीकर सुरू झाला. दुसरी ओळ संपली, पोरं थांबली. स्पीकर थांबला नाही. पुढची रांग विस्कटली, मोठी पोरं सुरांच्या मागं धावायला लागली, पहिलीची तर तोंडं उघडी ठेवून नुसतीच बघत राहिली. "खालचे वर्ग! लक्ष कुठं आहे?" माइकवरून.

मी तडक संगणकाच्या बाईंकडं गेले. "मधे गॅप पडला होता ना, तो काढून टाकला," त्या गोड हसून म्हणाल्या. "तुमची चूक दिसायला नको म्हणून." वाईट मनानं केलं नव्हतं त्यांनी, हेच जास्त झोंबलं. मुख्याध्यापकांना सांगितलं, ती चूक नव्हती हो, पोरांना दम घ्यायला लागतो तिथं. ते सही करत होते. "आठवड्यात सवय होईल, बाई."

तिसऱ्या तासाला मी पहिलीच्या वर्गात गेले. पुढच्या बाकावरची दोन वेण्यांची पोरगी उभी राहिली. रुसली होती.

"बाई, आज तुम्ही थांबलाच नाही. मला दम लागला."

सगळ्या वर्गानं माना हलवल्या. आता मी काय सांगणार? ते मी नव्हते म्हणून? माइकवर तर माझंच नाव घेतलं होतं, आणि बोटंही माझीच होती.

"उद्या थांबते," म्हटलं.

पोरगी लगेच खाली बसली. तिचा विश्वास बसला.