कार्ड पिवळंच राहिलं: राधानगरीच्या वाड्यांवर दोन दिवस

राधानगरीला लोक धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे बघायला जातात, दाजीपुरात गवे बघायला जातात. मी गेलो तो डोक्यात एक शंका घेऊन. गरोदर बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बाईंचा फोन आला होता: तीन महिन्यांत तुमच्या कार्डावर एकही हिरवा ठिपका नाही, सगळ्या बायका ठणठणीत, आता सबंध तालुक्यासाठी छापा. दुसऱ्या कुणी पेढे वाटले असते. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पंचवीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय. कितीही तपासा, कुठल्यातरी पत्रिकेत कुणाचंतरी आडनाव चुकतंच. इतक्या गरोदर बायकांत एकीचंही काही बिघडलेलं नाही, हे मला पचेना.

आधी कार्ड काय ते सांगतो. पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या तशा माझ्या स्क्रीन-छपाईच्या जाळ्या भिंतीला टेकून बसल्या. शेजारी रसायनशास्त्राचे एक निवृत्त सर राहतात. त्यांनी वाट दाखवली. गाळणकागदावर मेणाचं गोल कडं छापायचं आणि कड्याच्या आत औषधाचा पिवळा ठिपका द्यायचा. गरोदर बाईच्या लघवीचा थेंब त्यावर टाकायचा. मेण त्याला बाहेर पसरू देत नाही. ठिपका पिवळाच राहिला तर ठीक. हिरवा झाला तर लघवीतून प्रथिनं जातायत, बाईला लगेच दवाखान्यात न्यायचं. नाहीतर रक्तदाब चढून झटके येऊ शकतात. एक कार्ड अर्ध्या चहाच्या किमतीत बसतं, आणि याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू.

रंकाळा स्टँडवरून सकाळची एसटी धरली. दोन तास धरून चाला. रस्ता मधे बरा, मधे देवाघरचा. खिडकी मात्र सोडू नका. ऊस मागं पडतो आणि भात सुरू होतं, तिथून हवा बदलते. शेजारी बसलेल्या काकांनी पिशवीत काय म्हणून विचारलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे लगीन बी तुमीच छापनार, आन् पुढचं मूत बी तुमीच तपासनार?" अख्खी गाडी हसली. मीही हसलो. जाताना मी चांगल्या रंगात होतो, हे लपवत नाही.

राधानगरीत स्टँडजवळ साधी खोली मिळते. चादरी स्वतःच्या न्या. पाऊस उघडत आला तरी तिथलं कापड ओलसरच लागतं. जेवण झकास: नाचणीची भाकरी, वरण्याची उसळ, वर ठेचा. कोल्हापूरच्या मिसळीची आठवण मात्र काढू नका, खानावळवाल्याला राग येतो. पुढं वाडीपर्यंत वडाप जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटत नाही.

संस्थेचं गावातलं काम बघणाऱ्या ताई म्हणजे मालूताई. पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. वाड्यावाड्यांवर चालत जाऊन गरोदर बायकांची तपासणी त्याच करतात. वही दाखवली: नाव, महिना आणि पुढं 'पिवळं'. पानामागून पान पिवळं. कार्डं कुठं ठेवता, एवढंच मी विचारलं.

त्यांनी चुलीच्या वर बोट दाखवलं. तिथं बांबूची फळी टांगलेली. फळीवर मीठ, काडेपेट्या, पापडाचा डबा आणि काजळी धरलेली माझी कार्डं.

"सादळाय लागली की ती," त्या म्हणाल्या. "हितं पावसात वाळतं ऱ्हायाला येकच जागा हाय. मिठाच्या आदी तुमची कार्डं ठिवली म्या."

मी एक कार्ड काढून पाण्याचा थेंब टाकला. थेंब आत मुरलाच नाही. मण्यासारखा वर बसून राहिला. चुलीच्या धगीनं मेण वितळून ठिपक्यावरच पसरलं होतं. आता त्यावर काहीही टाका, ते पिवळंच राहणार. सरांनी सुरुवातीला चंदेरी पाकीट आणि आत ओल शोषणारी पुडी सांगितली होती. पाकिटाचा खर्च कार्डाहून जास्त होत होता. मी डोकं चालवलं आणि पत्रिकांची उरलेली प्लॅस्टिकची पाकिटं वापरली. कोल्हापुरात ती चालली. राधानगरीतला आषाढ माझ्या प्रेसमध्ये कुठून येणार?

मालूताई थेंबाकडे बघत राहिल्या. मग वही उचलून पानं उलटली, आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या, "सविता."

सविता पलीकडच्या वाडीवरची, त्यांच्या चुलत जावेची सून. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. भाताच्या बांधावरून अर्ध्या तासाची वाट, एरवी कुणालाही आवडावी अशी. मालूताई पुढं, मी मागं.

सासूबाई सोप्यावर वालाच्या शेंगा निवडत होत्या. मालूताईंनीच विषय काढला. सातव्या महिन्यात सविताचे पाय सुजले होते, डोकं दुखत होतं. सासूबाईंच्या मनात तिला कोल्हापूरला न्यायचं होतं. कार्ड पिवळं निघालं म्हणून थांबले. पाचव्या दिवशी झटके आले. जीप मिळेपर्यंत दुपार झाली. सविता वाचली. बाळ गेलं.

मी म्हणालो, ते कार्ड मी छापलेलं आहे. पाकीट मी बदललं, म्हणून ते बिघडलं.

त्यांनी शेंग मोडली, दाणे सुपात टाकले.

"तुमी तरी काय करनार, पावणं," त्या म्हणाल्या. "कागदच त्यो. च्या घ्या."

मी चहा घेतला. आतल्या खोलीत सविता होती. कूस बदलताना बांगड्यांचा आवाज आला तेवढाच. माझे कान तिखट आहेत, पत्रिकेतली नावं आयुष्यभर ऐकूनच लिहून घेतली. एखादी शिवी येईल म्हणून कान देऊन बसलो होतो. आली नाही, आणि मला हायसं वाटलं. हायसं. त्या घरात, तो चहा हातात घेऊन. याचा राग अजून गेलेला नाही.

राधानगरीच्या स्टँडवरून मी संस्थेच्या बाईंना फोन केला. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, असं लिहून द्या की वापरणाऱ्या व्यक्तीनं कार्डं चुकीच्या जागी ठेवली. काम थांबायला नको. मी म्हणालो, बाई, कुठं ठेवायचं हे कार्डावर मी कुठं छापलंय? लग्नपत्रिकेवर जेवणाची वेळसुद्धा छापतो मी.

घरी येऊन जसं घडलं तसं लिहून दिलं: पाकीट मी बदललं, सूचना मी छापली नाही. मालूताईंचं नाव चुकीच्या रकान्यात जाऊ दिलं नाही. संस्थेनं सगळं कामच बंद केलं. सर म्हणतात, चंदेरी पाकिटात कार्ड पक्कं आहे. असेल. पण आता त्या भावात बसत नाही, आणि त्याहून महाग कुणाला नको आहे.

राधानगरीला जरूर जा. धरण सुंदर आहे, माणसं त्याहून चांगली, तीच तर अडचण.

परवा मालूताईंचा फोन आला. नवी कार्डं कधी येणार, वाडीत तिघी पोटुशा हायत. येणार नाहीत, मी म्हणालो. मग काहीतरी सांगायचं म्हणून सांगितलं: पाय सुजलेत का ते बघत जा, सूज दिसली की वाट बघू नका, दवाखान्यात न्या.



"पाय मी वीस वरसं बघतच हुतो की," त्या म्हणाल्या. "तुमचं कार्ड आलं, तवा बघायचं सोडलं."