बोकडानं अंग झाडलं नाही

गावदेवीपुढचा पहिला बोकड कापायचा मान ठाकूरवाडीतल्या एकाच घराचा. त्या घरचा थोरला, हिरीचा नवरा अनंता, दिवाळीनंतर पोटदुखीनं गेला आणि त्याचा कोयता कुडाला तसाच अडकून राहिला. बाराव्याला जेवून उठताना धाकट्या दिरानं, बुधूनं, तो उतरवायला हात घातला.

"ठेव तिथंच," हिरी म्हणाली.

"का, वयनी? तू कापशील?"

"कापीन."

सगळी वाडी हसली. हिरीनं परसातल्या केळीचे सोट तोडायला घेतले. आधी कोयता मधेच रुतायचा, मनगट झिणझिणायचं. होळीपर्यंत एकाच घावात सोटाचे दोन तुकडे पडायला लागले आणि हसणारे गप्प झाले. पंचांनी ठरवलं, चैत्रातल्या जत्रेला एका घावात झालं तर मान हिरीचा, नाय तर बुधूचा.

जत्रेचा बोकड किन्हवलीच्या वत्सलाबाईंचा होता. कुणबी घरच्या या बाईनं तो मुरबाडच्या बाजारातून स्वतः पारखून आणला होता.

"वत्सलाबाय, तुमी मटण सोडलंत ना? बैठकीला जाता म्हणं," जना कातकरीण काखेतला कोंबडा सावरत म्हणाली.

"मी सोडलंय गो. देवीनं कुठं सोडलंय?"

बाया खदखदल्या. वत्सलाबाईंच्या लेकीचं, मितालीचं बाळ जन्मल्या जन्मल्या काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेव्हाचा हा नवस.

"बैठकीत सांगितलंत?"

"तिथं कशाला सांगू? तिथं नाम घ्यायचं, हितं नवस फेडायचा. बाईला दोन्ही घरं सांभाळायला लागतात."

"आमचं एकच घर, आणि त्यातही आमी शेवटी," जना म्हणाली. "माजा कोंबडा लागतो तवर देवीचं पोट भरलेलं असतं. हिरे, मान मिळाला तर माजा दुसरा लाव."

"आधी मिळू तर दे."

हिरीनं बोकडाच्या पाठीवर हळदीचं पाणी ओतलं. आता त्यानं अंग झाडायचं. झाडलं की देवीनं मागितला. तोवर पात्याला हात लावायचा नाही, हे अनंता तिला दर जत्रेला सांगायचा.

बोकड उभा राहिला आणि गळ्यातल्या माळेचं पान चघळू लागला.

दुसरा तांब्या ओतला, मग तिसरा. ढोल थकला. ऊन चढलं, पुरुषांच्या डोक्यात दारू चढली. मागून कुणीतरी ओरडलं, "बाईच्या हातचं नको तिला!"

बुधू पुढं आला. बोकडाचा कान धरून त्यानं असा पिळला की जनावर कळवळलं.

"सोड त्याला, बुधू. तिनं मागितला नाय अजून."

"तुला मान पायजे ना? मग तूच झाड अंग!"

त्यानं भरलेला हंडा उचलून हिरीच्या डोक्यावर उपडा केला. हिरीचा श्वास अडकला. दात वाजले, खांदे थडथडले.

"आली गो, आली! आई आली!"

बाया धडाधड वाकल्या. कुणी कपाळावर मूठभर कुंकू थापलं. वत्सलाबाईंनी पाय धरले. "आई, माज्या नातवाला सांभाळ."

हिरीला लख्ख कळलं. आता ती बोलेल तेच होणार. मान हिरीचा, एवढंच म्हणायचं होतं. तिनं शेंदूर फासलेल्या दगडाकडं पाहिलं.

"उठा, वत्सलाबाय. देवी नाय आली. पाणी गार हाय."

कुणीतरी फिसकन हसलं. बुधूनं तिच्या तोंडावर ठोसा मारला, ती पडली आणि देवीपुढं ठेवलेला कोयता त्यानं उचलला. पहिला घाव बोकडाच्या खांद्यावर बसला. बोकड माणसासारखा किंचाळला, दावं तोडून बायांमध्ये घुसला. वत्सलाबाईंचं पातळ रक्तानं भिजलं, जनाच्या काखेतला कोंबडा उडाला. बुधू मागं धावला. दुसरा घाव पाठीवर पडला. तिसऱ्याला पातं मानेच्या हाडात रुतलं ते निघेना. बोकड बुधूला फरफटत नेत होता, डोळे पांढरे, तोंडाला लाल फेस. बुधूनं मूठ सोडली आणि बाजूला जाऊन भडभडून ओकला.

हिरी उठली. ओठ फाटला होता. तिनं बोकडाच्या खांद्यावर गुडघा दाबला, दोन्ही हातांनी हिसकून पातं सोडवलं आणि मारलं. मुंडी वेगळी झाली. किंचाळणं थांबलं.

म्हातारा पंच खाकरला. "हिरीच्या एका घावात झालं. मान हिरीचा."

"हा घाव धरू नका," हिरी रक्त थुंकून म्हणाली. "हा त्याचे हाल थांबवायला मारला. देवीनं मागितला नव्हता."

"मग माजा नवस?" वत्सलाबाईंनी तिचा दंड धरला. "बाळाला काय झालं तर, हिरे?"

"पुढल्या चैताला दुसरा आणा. झाडलं तर कापीन. नाय झाडलं तर घरी घेऊन जा."

मानकऱ्याच्या वाट्याची मुंडी तशीच पडून राहिली. बुधूची तिच्याकडं बघायचीही छाती होईना आणि हिरी तिला हात लावीना. माश्या जमल्या.

"कुणीच नेत नाय तर मी नेते," जना पुढं झाली. "माजा कोंबडाबी गेला. आणि आमची देवी असली नखरेवाली नाय."

"ए, हात लावू नको!" दोघंतिघं अंगावर धावले. "मानाची मुंडी हाय!"

हिरीनं कोयता आडवा धरला. हळद आणि रक्त मनगटावरून ओघळत होतं.

"ने, जने."

मुंडी कुणाला द्यायची ते मानकरीच ठरवतो. पंचांनी एकमेकांकडं पाहिलं आणि अंगावर धावलेल्यांना मागं सारलं. जनानं शिंगं धरून मुंडी उचलली आणि कुणीही तिची वाट अडवली नाही.