पोरीचे मेसेज मी कसे पकडले

आयुष्यात मी एकदाच पोलीस चौकीची पायरी चढलो, तीही स्वतःच्या पायाने, आणि स्वतःविरुद्धचा पुरावा पिशवीत घालून.

शिक्षण माझं चौथी. (पाचवीत बसलेलो, पण ते वर्ष मास्तरांनी मोजलं नाही.) पण मोहने गावच्या कारखान्यात जन्म बॉयलरवर काढला आणि शिकलेले साहेब मला विचारायचे, "प्रेशर किती ठेवू?" त्यामुळे मला फसवणारा माणूस अजून जन्माला यायचाय असं माझं ठाम मत होतं. होतं!

आमची प्राजक्ता ठाण्याला एका लॅबमध्ये कामाला. वय अठ्ठावीस. दिवाळीनंतर तिचं लक्षण बिघडलं. जेवताना मोबाईल बघून हसायला लागली. आता मला सांगा, जेवताना माणूस कशाला हसेल? आमच्या बायकोच्या, मंदाच्या हातच्या गवारीत हसण्यासारखं काही नसतं.

"कुणाचा मेसेज गं?"

"ऑफिसचा, अण्णा."

"ऑफिसात काय विनोद चालतात?"

"रक्ताचे रिपोर्ट," म्हणाली, आणि परत हसली!

झालं. बॉयलरचा काटा हलला की मला झोप लागत नाही. शहाड स्टेशनबाहेरच्या मोबाईलवाल्याला गाठून विचारलं, एका माणसाचे मेसेज दोन ठिकाणी दिसतात का? तो म्हणाला, "दिसतात की. फोन कुणाचा?" मी म्हणालो, "माझा." (घरातलं सगळं माझंच. भाडेपावती बघा.) त्याने रीत शिकवली. थोरल्या पोराने भजनं ऐकायला दिलेला टॅब होता, त्यावर एक चौकोनी नक्षी उमटते. फोनचा कॅमेरा त्या नक्षीवर धरायचा, की फोनातलं सगळं टॅबवर!

रविवारी प्राजक्ता आंघोळीला गेली आणि मी तिचा फोन उचलला. कुलपाला चार आकडे. तिची जन्मतारीख टाकली, नाही. मंदाची टाकली, नाही. मग माझी टाकली, शाळेत घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली एक जून, आणि उघडलं! पोरीने कुलपाला बापाची तारीख ठेवलेली. दुसऱ्या एखाद्याला तिथेच लाज वाटली असती. मला अभिमान वाटला, आणि मी नक्षीवर कॅमेरा धरला.

टॅब उघडून बघतो तर मेसेज मराठी, पण अक्षरं सगळी इंग्रजी! मला त्यातलं 'ए' आणि 'ओ' तेवढं येतं. म्हणजे चोरी करून तिजोरी घरी आणली आणि ती उघडेना. मग शेलारला धरला. शेलार आमचा जुना स्टोअरकीपर, इंग्रजी अक्षरं जुळवून वाचतो. विश्वासू माणूस. दोष एकच. मशिनींच्या आवाजाने त्याचे कान गेलेत, त्यामुळे तो सगळ्या जगाशी शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा असल्यासारखा बोलतो.

चाळीच्या मागच्या कट्ट्यावर बसून शेलारने पहिला मेसेज वाचला. "जेवलीस का गं!"

दोन खिडक्या उघडल्या.

"हळू वाच रे!"

"काय?"

"हळू!"

"हळूच वाचतोय! पुढे ऐक! तुझ्याशिवाय करमत नाही! तुझा निलेश!"

आणखी चार उघडल्या.

तिसऱ्या दिवसापासून बायका भाजी निवडायला नेमक्या कट्ट्यावर यायला लागल्या. शेजारच्या वहिनींनी मला नळावर अडवून विचारलं, "अण्णा, निलेशचा ताप उतरला का हो?" मी म्हणालो, "ही खाजगी बाब आहे." त्या म्हणाल्या, "हो, पण उतरला का?"

मंदानेही एकदा टॅबवर वाकून बघितलं. "काय चाललंय?"

"भजन."

"भजनात निलेश कुठला?"

मी आवाज वाढवायचं नाटक केलं.

त्यात एक घात झाला. रोज सकाळी सगळ्यांना गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' पाठवायची मला सवय. त्या दिवशी हातात टॅब होता. गुलाब गेले ते प्राजक्ताच्या नावाने! तिच्या साहेबाला गेला, लॅबच्या ग्रुपवर गेला, निलेशला तर दोन गेले. त्याचं उत्तर शेलारने साऱ्या चाळीला ऐकवलं, "हे काय गं! तुझ्या अंगात अण्णा आलेत का!" कट्टा इतका हसला की निवडलेली मेथी उधळली.

संध्याकाळी प्राजक्ता फोन झटकत बसलेली. "आई, व्हायरस आलाय बहुतेक."

"साथच आहे सध्या," मी म्हणालो.

आणि मग तो मेसेज आला. शेलार वाचत होता, "नोटिशीचे तीस दिवस बुधवारी संपतात! गुरुवारी ठाण्याला सह्या! दोन साक्षीदार झाले, तिसऱ्याचं काय! अण्णांना सांगितलंस का!"

रजिस्टर लग्न! माझ्या पोरीचं! चाळीला माहीत आणि बापाला चोरून वाचायला लागतंय! मी टॅब हिसकावला.

"अरे थांब, तिचं उत्तर राहिलंय!" शेलार ओरडला.

"मला काही ऐकायचं नाही!" मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडलो, टॅब पिशवीत टाकला आणि रिक्षा धरून थेट चौकीत.

तिथे एक फौजदार बाई बसलेल्या. माझ्या पोरीपेक्षा पाचेक वर्षांनीच मोठ्या असतील.

"मॅडम, माझी मुलगी पळवतायत!"

"वय काय मुलीचं?"

"अठ्ठावीस."

"मग पळवत नाहीत काका, ती चालत चाललीये."

"माझ्याकडे पुरावा आहे!" मी टॅब आपटला. "तिचा शब्दन् शब्द आहे यात!"

"हे तुमच्याकडे कसं?"

आता माझ्या हुशारीची कुणी आपणहून विचारपूस करावी, हे वर्षानुवर्षांत घडलं नव्हतं. मी सगळं सांगितलं. नक्षी, कॅमेरा, एक जून. बाईंनी पेन उचललं.

"नाव सांगा."

"निलेश."

"तुमचं."

बाई म्हणाल्या, "सज्ञान मुलीचा फोन तिला न विचारता उघडायचा आणि तिचे खाजगी मेसेज वाचायचे, हा गुन्हा आहे काका. तुरुंगसुद्धा होऊ शकतो."

"घरातल्या घरात?"

"घरातल्या घरात."

"आणि कट्ट्यावर वाचले तर?" (हे मी विचारायला नको होतं.)

बाईंनी प्राजक्ताला फोन लावला. ती येईपर्यंत मला बाकावर बसवलं, एका पाकीटमाराशेजारी. त्याने विचारलं, "काय केलंत?" मी सांगितलं. तो थोडा सरकून बसला.

प्राजक्ता आली. मागे मंदा. मागे हातात हेल्मेट धरून एक काटकुळा पोरगा. त्याने वाकून नमस्कार केला. "अण्णा, मी निलेश. गुलाब मिळाले."

प्राजक्ता हसली नाही. तिने माझ्याकडे बघितलं फक्त. "तुमची तारीख ठेवलेली, अण्णा. आता बदलली."

एवढंच. बॉयलर फुटला असता तरी इतकं लागलं नसतं.

"तक्रार द्यायची आहे का?" बाईंनी तिला विचारलं. मंदा म्हणाली, "दे गं, चार दिवस गवार करायला नको." मग बाईंनीच टॅब पुढे सरकवला. "हे उत्तर यांनी वाचलेलंच नाही. वाचू?" प्राजक्ताने मान डोलावली.

बाईंनी हळू आवाजात वाचलं. "तिसरे साक्षीदार मला अण्णाच हवेत. ते आले नाहीत तर मी सही करणार नाही. रविवारी धीर करून सांगते."

मी छताकडे बघितलं. चौकीतला पंखा फार छान होता.

"अण्णा," प्राजक्ता म्हणाली, "तक्रार देत नाही. पण आधी तुमचा मोबाईल द्या. एक दिवस मी वाचते."

मी झटकन खिशावर हात ठेवला. "त्यात माझं खाजगी आहे!"

सगळी चौकी हसली. पाकीटमार तर बाकावरून खाली आला. प्राजक्तालाही शेवटी हसू फुटलं, आणि त्या हसण्यात मी सुटलो. गुरुवारी ठाण्याला जाऊन सही केली. एवढी मोठी केली की तिथला कारकून म्हणाला, "काका, इतरांनाही जागा ठेवा."

आता प्राजक्ता डोंबिवलीला असते आणि आपणहून सगळं कळवते. तेही मराठी अक्षरांत, म्हणजे शेलारला बोलवायची सोय नाही. दूध उतू गेलं, मांजर व्याली, सासूबाईंच्या गुडघ्याचे फोटो, दोन्ही बाजूंनी! चोरून वाचायचो तेव्हा एकेका अक्षरासाठी जीव टांगलेला असायचा. आता हक्काने येतात तर दोन ओळींत डोळा लागतो.

काल तिचा फोन आला. "अण्णा, सकाळपासून वीस मेसेज टाकलेत. एकही उघडला नाहीत?"

मी म्हणालो, "कसा उघडू गं? लोकांचे मेसेज वाचणं गुन्हा आहे!"