मध्यंतरानंतरची वीस मिनिटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सासूबाईंना नाही. रविवारी चर्चमध्ये डोळे मिटून बसते — तिथेही नाही. म्हणजे तिथे ते आधीच ठाऊक असणार, पण मी तोंडाने कधी म्हटलं नाही. आज म्हणते. आजच का? कारण गेल्या शनिवारी भरल्या सभागृहात माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. आणि मी उभी राहून, हात जोडून, त्या घेतल्या.

थांबा, आधी मी कोण ते सांगते. श्रीरामपुरात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. ब्लाऊज, ड्रेस, पिको-फॉल. बायका माप द्यायला येतात आणि जाताना विचारतात, ताई, या आठवड्यात कुठला बघायचा? सिनेमाचं मला लहानपणापासून वेड. शुक्रवारी नवीन लागला की शनिवारी दुपारच्या खेळाला मी असतेच. बाकीचे घरी, टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर, इस्त्री करता करता. आणि पाहिला की मत हे हवंच — मत नसलेला सिनेमा म्हणजे माझ्या लेखी काज न केलेलं ब्लाऊज.

परवाच एक भुताचा पाहिला. भूत शेवटपर्यंत दिसलं नाही, नायिकेच्या साडीचा सुटलेला फॉल मात्र मला पहिल्या दहा मिनिटांत दिसला. त्याआधी घरी एक कुस्तीचा — त्यातले पैलवान इतके रडतात की आखाड्यातली माती भिजवायला वेगळं पाणी नको. आणि एक असा संथ, की मी दोन ब्लाऊजांना हुक लावले तरी नायक आपला बसस्टँडवरच उभा. पण तो मला आवडला. का आवडला, ते अजून सांगता येत नाही.

हे असलं मी आमच्या गिऱ्हाईक बायकांच्या ग्रुपवर लिहिते. 'पडदा' असं त्याचं नाव. बायका हसतात, पुढे पाठवतात, आणि — हे महत्त्वाचं — ऐकतात. ताईंनी वाईट म्हटलं की तिकिटं काढत नाहीत. ताईंनी चांगलं म्हटलं की गल्लीच्या गल्ली जाते. एवढा शब्द चालायला लागला की माणसाचं काय होतं, ठाऊक आहे का तुम्हाला? आपल्याला दिसतं तेच खरं, असं वाटायला लागतं. आणि मग एक दिवस — न पाहताही खरं वाटायला लागतं. पण ते नंतर.

सुनंदा माझ्याकडे आठ वर्षं आहे. माहेर काष्टीचं, लग्न होऊन इकडे आली, नवरा टेम्पो चालवतो. हातशिलाई आणि मणीकाम तिच्याइतकं बारीक आमच्या बाजारपेठेत कुणाचं नाही. बोलणं मात्र कमी. चर्चमध्ये नाताळचं नाटक मी बसवते, बहुतेक मोठी कामंही मीच करते — आणि सुनंदा आमच्यातली नसूनही दरवर्षी येऊन झगे शिवून देते, पडद्यामागे वही घेऊन बसते. कोण अडखळलं की हळूच वाक्य पुरवते. सगळ्यांची सगळी वाक्यं तिला पाठ असायची. हे तेव्हा मला कधी विशेष वाटलं नाही.

मग नेवाशाच्या बाजूला, नदीकाठच्या एका गावात सिनेमावाले आले. छोट्या कामांसाठी त्यांना इकडच्याच बायका हव्या होत्या. कानावर आल्या आल्या मी एस.टी. पकडली. सोबत म्हणून सुनंदाला घेतलं. सोबत म्हणून, बरं का. मी एक भाषण पाठ केलं होतं, चांगलं चार मिनिटांचं. शेवटी आवाज थरथरवायचा, तोही थरथरवला. दिग्दर्शक म्हणाला, छान. नंतर त्याची नजर कोपऱ्यात पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या सुनंदाकडे गेली. त्याने तिला नाव विचारलं, गाव विचारलं. पुन्हा एकदा तेच विचारलं. आणि म्हणाला, "बाई, तुम्ही या."

परत येताना ती खिडकीतून बाहेर बघत होती. श्रीरामपूर जवळ आल्यावर म्हणाली, "ताई, चुकून म्हनले असतील ते. तुमीच जावा."

"जा की," मी म्हटलं. "मला कुठे दुकान सोडून वेळ आहे?"

आणि हसले. ते हसणं तिला खरं वाटलं असेल? मला वाटतं, वाटलं. मी बरी नटी आहे, तेवढ्यापुरती.

सिनेमा लागला तेव्हा आमची सगळी गल्ली दुपारच्या खेळाला गेली. पुढच्या तीन रांगा आमच्याच. सुनंदाचं काम मध्यंतरानंतर होतं, सारं मिळून चार-पाच मिनिटांचं. सिनेमा सुटला तेव्हा बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, कुणी तिचा हात धरला, कुणी नुसतीच रडत होती. मी बाजूला होते. सुनंदाने गर्दीतून मला शोधलं, डोळ्यांनीच विचारलं — कसं?

मी म्हटलं, नंतर बोलू.

संध्याकाळी दुकानात बसून मी ग्रुपवर लिहिलं. शब्द न् शब्द मला आठवतो. 'सिनेमा बरा. आपली सुनंदा पडद्यावर आली याचा अभिमान आहेच, पण खरं सांगायचं तर काम जमलेलं नाही. चेहऱ्यावर काही उमटत नाही. कॅमेरा सगळ्यांनाच मानवत नाही.'

मग एकीने लिहिलं, मला तर रडू आलं होतं, पण ताई म्हणतात म्हणजे असेल. मग दुसरीने. मग तिसरीने. दुपारी जिचे डोळे पुसता पुसता पदर भिजला होता, तिनेही. बघा — स्वतःच्या डोळ्यांतलं पाणी बायकांनी माझ्या एका मतापुढे खोटं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सुनंदा नेहमीच्या वेळेला आली. सुई ओवली, मणी पसरले.

"खरंच का ताई?" तिने विचारलं. "न्हाई जमलं?"

"खरं सांगायला नको का? मी नाही सांगणार तर कोण सांगणार?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमीच सांगनार." आणि मणी ओवायला लागली.

महिन्याभरात तिला त्याच सिनेमावाल्यांचा फोन आला. दुकानातच, माझ्यासमोर. दुसऱ्या सिनेमात थोडं मोठं काम होतं. ती उठून दारापाशी गेली, पाठ माझ्याकडे. "न्हाई सायेब. मला न्हाई जमायचं ते. दुसरी कुनी बघा," असं म्हणून तिने फोन ठेवला. मी मशीन थांबवलं नाही. पायाखाली पायडल चालूच ठेवलं, टिपेवर टीप घालत राहिले, आणि छातीत — सांगूनच टाकते — छातीत थोडं हलकं वाटलं.

तो सिनेमा मग टीव्हीवर आला. एका रविवारी दुपारी सासूबाई मटार सोलत बघत बसल्या होत्या. मी स्वयंपाकघरातून ये-जा करत होते, टीव्हीकडे बघायचं टाळत होते. तेवढ्यात त्यांनी हाक मारली. "अगं, ही आपली सुनंदा न्हाई का?"

मी दारात उभी राहिले.

प्रसंग साधा आहे. एक बाई भावाबरोबर सरकारी कचेरीत आलीय. बापाच्या जमिनीवरचा हक्क सोडते, अशी सही करायची आहे. भाऊ तिच्याकडे बघत नाही. कारकून कागद पुढे करतो. ती वाचत नाही, सही करते. उठते. आणि जाता जाता भावाच्या शर्टाची दुमडलेली कॉलर नीट करते. बस. एक शब्द नाही. चेहऱ्यावर — हो, चेहऱ्यावर काहीच नाही. कारण जे होतं ते सगळं त्या दोन बोटांत होतं. पस्तीस वर्षं मी कॉलरी शिवते आहे. कॉलरीला असा हात लागलेला मी कधी पाहिला नव्हता.

सासूबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "बया," त्या म्हणाल्या, "काय केलंय पोरीनं."

आता सांगते. इथवर आलात, आता मागे कशाला फिरू?

तो प्रसंग मी त्या रविवारी पहिल्यांदा पाहिला. थिएटरात मी तो पाहिलाच नव्हता. मध्यंतरात डोकं दुखतंय म्हणून मी बाहेर आले, पॉपकॉर्नच्या मशीनपाशी उभी राहिले, येणाऱ्या सिनेमांची पोस्टरं वाचत राहिले — वीस मिनिटं. आतलं संगीत थांबलं. मग अख्खं थिएटर गप्प झालेलं मला भिंतीतून ऐकू आलं. तेव्हाच मला कळलं की तिचं काम चांगलं झालंय. ती शांतता मी ओळखते. नाटकात मला ती एकदाही मिळालेली नाही. ते सरलं, आणि मग मी आत गेले. आणि संध्याकाळी लिहिलं, चेहऱ्यावर काही उमटत नाही.

हेवा वाटणं एकवेळ समजेल. पण तिने मला विश्वासाने विचारलं होतं. मी न पाहता, ते चांगलंच आहे हे माहीत असताना, नाही म्हटलं.

टीव्हीवर पाहिल्यावर तरी खरं बोलावं की नाही? नाही बोलले. मी काय केलं, ते ऐका. दुसऱ्या दिवशी सुनंदाला म्हटलं, तुझ्यात आहे गं काहीतरी, थोडी मेहनत घ्यायला हवी. पुन्हा फोन आला तर नाही म्हणू नको, मी शिकवते. आणि दुपारी गिऱ्हाईक कमी असायचं तेव्हा मी तिला शिकवायला लागले. भुवई अशी उचल. श्वास इथे घे. मनाला येईल ते सांगायचे. ती मान डोलवायची, आणि करून दाखवताना मी सांगितलेलं सगळं बाजूला ठेवून आपल्या मनाने करायची. दर वेळी ते माझ्यापेक्षा चांगलं असायचं. मी म्हणायचे, आता सुधारतंय.

पुन्हा फोन यायला दोन वर्षं लागली. या वेळी ती हो म्हणाली.

आणि काय केलं तिने — हे सांगताना माझा ऊर भरून येतो, तो कुणाला खोटा वाटला तरी वाटू दे. शाळेत खिचडी शिजवणारी बाई, जी गावातली शाळा बंद होऊ नये म्हणून एकटी उभी राहते. पूर्ण सिनेमाभर सुनंदा. पहिल्या खेळाला मी गेले आणि मध्यंतरात जागची हलले नाही. शेवटी बंद ठेवलेल्या शाळेच्या अंगणात ती जाते आणि स्वतः घंटा वाजवते, एक एक टोल, आणि गल्ल्यागल्ल्यांतून पोरं यायला लागतात. आमचं थिएटर उभं राहिलं. बायकांनी शिट्ट्या वाजवल्या — कधी वाजवल्या नव्हत्या त्यांनी. शेजारची फुलवाली, एरवी नाकासमोर चालणारी बाई, खुर्चीवर चढली. पडद्यावरचा टोल आणि आमच्या टाळ्या वेगळ्या काढता येईनात. दुसऱ्या आठवड्यात खेळ वाढवावे लागले. काष्टीहून तिच्या माहेरची माणसं टेम्पो भरून आली, टेम्पो तिच्याच नवऱ्याने चालवला. बाहेर आल्यावर तो कुणालाही धरून सांगत होता, "आमची हाय ती. आमच्या घरातली." मी त्या संध्याकाळी ग्रुपवर एकच ओळ लिहिली — असं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ती ओळ खरी होती. माझ्या सगळ्या मतांत, मला वाटतं, सर्वांत खरी.

गेल्या शनिवारी महिला मंडळाने तिचा सत्कार केला. सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सुनंदा बोलायला उभी राहिली, माइक खाली ओढून घेतला. आवाज स्थिर होता.

"माझ्या पयल्या सिनेमाला समद्यांनी चांगलं म्हनलं," ती म्हणाली. "एकट्या ताईंनी खरं सांगितलं, की चेहऱ्यावर काय उमटत न्हाई. मला लई लागलं हुतं तवा. पन त्यांनी सांगितलं म्हनून मी शिकले. आज मी जी हाय ती त्यांच्यामुळं हाय."

तिने माझ्याकडे हात केला. सभागृह वळलं. टाळ्या सुरू झाल्या, आणि कुणीतरी मला कोपराने ढोसलं — उठा ताई. मी उठले. खाली बसता आलं असतं. माइकपाशी जाऊन दोन वाक्यं बोलता आली असती. मी हात जोडले, मान झुकवली, आणि टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिले.

ते तिचं यश होतं, आणि त्यातला वाटा मी सगळ्यांदेखत उचलला. ती माझ्यामुळे जिंकली नाही. ती माझ्या विरोधात जाऊन जिंकली, आणि तिला ते ठाऊकही नाही.

म्हणून हे लिहिलं. सकाळी दुकान उघडलं की आधी सुनंदाच्या हातात देणार, ती वाचेपर्यंत समोर बसणार, मग ग्रुपवर टाकणार. ती काय म्हणेल ते तिचं. पण एवढं तिला कळायलाच हवं, कारण ते तिचं आहे आणि मी ते इतकी वर्षं दाबून ठेवलं:

सुनंदा, तू शिकलीस-सुधारलीस असं काही नाही. तू पहिल्याच वेळी इतकी चांगली होतीस.