तेजरामचा एम.ए. अन् माहे दोन हात

माहा मोठा भाऊ तेजराम एम.ए. आहे. इतिहासात. हे पहिलेच सांगून टाकते, कारण त्याले पाहून तुमाले पटणार नाही. सिहोऱ्याच्या राइस मिलमधी तो पोत्यांवर रंगानं मिलचं नाव छापते. बारा महिने बोटं निळी. लोकं त्याले ‘एम.ए.’ म्हणूनच हाक मारते, अन् त्या हाकेत मान किती अन् मस्करी किती, हे माणूस पाहून समजा लागते.

आमचं माहेर आसगावचं. सत्तर साली गावातून दोन पोट्टे चांगल्या नंबरानं मॅट्रिक झाले, एक आमचा तेजराम अन् दुसरा इश्वर. हेडमास्तर पुंडलिकराव स्वतः घरी आले. बाबाले म्हणाले, “सोमाजी, पोराले भंडाऱ्याले मास्तरकीच्या ट्रेनिंगले घाल. दोन वर्षांत पगार चालू होईन.” इश्वर गेला. आमचा कायले जाते! त्याच्या आदल्या साली पवनीच्या टेकडीवर खोदकाम चालू होतं. हा सायकल काढून रोज पाहाले जाये. मातीतून कोरीव दगड निघाले अन् इकडं याचं डोकं फिरलं. “मी नागपूरले इतिहास शिकीन, प्राध्यापक होईन,” म्हणे.

माय म्हणाली, “इतिहास? त्यात धान होते का?”

तो हासला. बाबा नाही हासले. बाबाले ‘प्राध्यापक’ हा शब्दच असा गोड लागला का पुढचा आठवडाभर ते बाजारात ज्याले त्याले तो ऐकवत फिरले.

लोकं म्हणते, कॉलेजच्या शिक्षणाले खर्च लागते. फी, खोली, पुस्तकं, खानावळ. ते तं बाबानं बैलजोडी विकून भागवलं. तेवढा खर्च साऱ्या गावाले दिसला. दुसरा खर्च कोणाले दिसलाच नाही, कारण तो मी होती.

आमच्याकडं रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, पैशाले कोणी विचारत नाही, हाताले हात द्या लागते. कोणाची बैलजोडी तुमच्या धानाच्या बांधीत एक दिवस चिखल करून गेली, तं तुमच्या घरच्या दोन बायांनी त्याच्या बांधीत दिवसभर धान रोवून द्याचं. बाबानं जोडी विकली, मंग नत्थूकाकाची जोडी आणा लागली. अन् बाया कुठून आणाच्या? एक माय. दुसरी मी. मी तवा सातवीत होती, बारा वर्षांची. खोटं कायले सांगू, वर्गात माह्या पुढं कोणी नव्हतं.

पहिल्या दिवशी नत्थूकाकानं मले पायापासून डोक्यापर्यंत पाह्यलं अन् म्हणाला, “ही पोट्टी? हिले मी अर्धी बाई धरीन.”

मले असं झोंबलं! मी लुगड्यासारखा परकर खोचला, चिखलात उतरली, अन् वाकून जी मागं मागं सरकत रोवत गेली ते थेट बांधीच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत. चांगल्या चांगल्या बायांले मागं टाकलं. दोन-चार दिवसांतच नत्थूकाका साऱ्यांच्या समोर ओरडला, “सोमाजी, तुही पोट्टी तं अख्खी बाई भरली रे!” मायनं त्या दिवशी मले गूळ दिला. अन् मी येडी, गावभर नाचत सांगत फिरली. अर्धीच राहिली असती तं बाबानं दुसरी कोणी बाई शोधली असती. अख्खी झाली अन् माही शाळा संपली. दोन महिने गेली नाही, तं गुरुजींनी हजेरीतून नाव कमी केलं. पुढच्या साली कोणी घालाले गेलंच नाही, कारण पुढच्या साली बी बैल नव्हते.

तेजराम नागपूरले शिकत राह्यला. मधात माहं लग्न झालं, दिघोरीच्या गोपीचंदसंग. मांडवात बी तेजरामच्या काखेत पुस्तक. शहात्तर साली तो एम.ए. झाला, सेकंड क्लासात. बाबानं पवनीत पेढे वाटले. मंग सुरू झाली वणवण. कॉलेजात इतिहासाची जागा एक निघाली का अर्जवाले शंभर, अन् त्यातले निम्मे कोणाचे तरी भाचे-जावई. शाळेत गेला तं म्हणे, बी.एड. लागते. बी.एड.ले पुन्हा पैसा पाहिजे. अन् विकाले आता बैल होते कुठं? एक-दोन वर्षं कुठं कुठं तासावर शिकवलं त्यानं. शिकवते चांगला, ते मान्य करा लागन. तो बोलाले लागला का माणूस जेवणं विसरते. पण तासावर घर चालत नाही. बाबा गेले, तवा शेवटच्या दिवसापर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगत होते, “तेजरामचं होऊनच जाईन यंदा.” तिकडं इश्वर हेडमास्तर झाला, लुनावर फिरते. अन् हा राइस मिलमधी. लग्न बी केलं नाही. “कोणाच्या पोरीले पोते मोजाले आणू का?” म्हणे.

मले राग होता त्याचा. अजून बी आहे. नोकरी लागली असती तं म्हटलं असतं, जाऊ दे, माही शाळा गेली पण घरात एक दिवा तं लागला. दोघांचं बी गेलं अन् हाती काय आलं? भिंतीवरचा एक कागद!

आता सत्याऐंशी सालची गोष्ट. दिघोरीले आमचा एक बैल ऐन रोवण्याच्या तोंडावर साप चावून मेला. गावातल्या परसरामची जोडी आणाचं ठरलं, अन् त्याच्या बदल्यात दोन बाया. एक मी. गोपीचंद जेवता जेवता म्हणाला, “यंदा सत्यवतीले घे सोबत.”

सत्यवती माही पोरगी. सातवीत.

“नाही म्हणजे नाही,” म्हटलं मी. “मंग दुसरी बाई कुठून आणू?” तो बी खोटं बोलत नव्हता. रोवण्यात रिकामी बाई शोधून सापडत नाही. पोट्टी भिंतीले टेकून आमच्या तोंडाकडं पाहून राहिली होती. तेजराम आला होता तवा. पावसाळ्यात मिल बंद असते. तो खाली मान घालून भात कालवत होता. म्हणाला, “मी येतो.”

“चिखल कराले?” गोपीचंदनं विचारलं. “नांगर येते का तुमाले अजून?”

“नाही येत. रोवाले येतो.”

अवो, रोवणा बायांचं काम! माणूस चिखल करन, पऱ्ह्याच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या फेकन, पण बायांच्या रांगेत वाकून उभा राहणार नाही. गोपीचंदले ठसका लागला. मी बी समजली का हा बोलते खरं, सकाळी उठणार नाही.

सकाळी तो माह्या पहिले धुऱ्यावर उभा होता, पँट मांडीपर्यंत गुंडाळून. बायांनी काय काय नाही म्हटलं! शकुनबाई ओरडली, “रुखमे, नवी सून आणली का वं! डोक्यावर पदर तं घेवाले सांग तिले!” तो वाकून रोवाले लागला. त्याले कुठं येते रोवणं! पऱ्हे वरवर टोचले का पाण्यावर तरंगाले लागत. घडीघडी कंबर धरून उभा राहे. मी माही पात संपवून चुपचाप त्याची बी रोवत गेली. शाळेच्या वेळेले सत्यवती दप्तर घेऊन धुऱ्यावरून गेली. तिनं मामाले पाह्यलं, मामानं तिले. “चाल, चाल, उशीर होते,” एवढंच म्हणाला.

संध्याकाळी परसराम आला, बांधी पाह्यली अन् म्हणाला, “रुखमाबाई, राग मानू नोका, पण तुमच्या भावाले मी अर्धीच बाई धरीन.”

साऱ्या बाया हासल्या. मी बी हासली. तेजराम पाटाच्या पाण्यात हात धूत होता. तो निळा रंग काही निघत नव्हता.

घरी जाता जाता म्हणाला, “रुखमे, तू बारा वर्षांची होती ना तवा?”

“कवा?”

“तुले अख्खी धरलं तवा.”

मी थांबलीच. हा तं नागपूरले होता. “तुले कोणं सांगतलं?”

“तूच. दिवाळीले मी आलो, तं पळत येऊन सांगतलं होतं, दादा, मी अख्खी बाई झाली म्हणून.” तो खाली चिखलाकडं पाहात होता. “अन् मी तुले शाबास म्हटलं होतं. इतका शिकलो, पण तू शाळेत काहून नाही, हे विचाराचं सुचलं नाही मले.”

भाकरी टाकाच्या होत्या, म्हणून मी भरभर पुढं चालली.

अर्धीची भरपाई कराले तो परसरामकडं दुप्पट दिवस गेला. शेवटी शेवटी बरा रोवाले लागला होता. रोवणा संपला तसा एस.टी.त बसून सिहोऱ्याले गेला. सत्यवतीचा शाळेचा एक दिवस बुडाला नाही.

गाडी निघाली तवा वाटलं, त्याले शाबास म्हणावं. नाही निघालं तोंडातून.