एका तारखेची माणसं

मले लिहायले लावू नका, असं मास्तरले तीनदा सांगितलं. चौथी शिकलेल्या माणसानं काय लिहायचं? पण हा रिटायर मास्तर बस स्टँडच्या टपरीवर मले चहा पाजते, किस्से काढून घेते, अन् आता म्हणते, कागदावर दे. घ्या मंग. हसायले येईल म्हणून बसले असाल तर आत्ताच उठा.

किस्से साचतात कसे, तर आमच्या फ्रीजरातल्या बर्फासारखे. रोज थोडा थोडा. कोणी खरवडत नाही. एक दिवस दारच लागत नाही, तेव्हा समजते.

जिल्ह्यातल्या एका मेडिकल कॉलेजात मी सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या प्रोजेक्टवर होतो. रक्ताची पेटी घेऊन तांड्यावर जायचं, संमतीच्या फॉर्मवर अंगठे घ्यायचे, गोळ्या पोचवायच्या. सारे मले मामा म्हणत. प्रोजेक्टचे मोठे साहेब डॉ. हिरासिंग चव्हाण. स्वतः दिग्रसकडच्या तांड्यावर जन्मलेले, तिथले पहिले डॉक्टर. ग्रँट दिल्लीहून येई, अन् तिच्यासोबत नियम येत. नियम बदलला की जुने कागद बाद, अन् नवे होईपर्यंत गोळ्या बंद.

त्या गोळ्यांवर पायल होती. शेवंताबाईची पोरगी. आधी पाय दुखत म्हणून तिले आई पाठीवर घेऊन शाळेत नेत होती. गोळी लागू पडली अन् पोरगी पायानं जायले लागली. बाहेर ती गोळी कधी मिळे, कधी नाही. आमच्या पेटीत दर महिन्याले असे. म्हणून कागद बिघडला की मी आधी पेटीतल्या गोळ्या मोजी. बाकी मले त्या कागदाचं काही देणंघेणं नव्हतं.

*

पहिला नियम आला साक्षीदाराचा. अंगठेवाल्याच्या फॉर्मवर शिकलेला साक्षीदार पाहिजे, अन् तो नात्यातला नको.

आता तांड्यावर नात्यातला नाही असा माणूस कुठून आणू? तिथं भांडण होते तेही मामा-भाच्याचं. मी नाईकाले, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाले, विचारलं. त्यानं पूर्ण तांड्यावर नजर फिरवली अन् माह्यावर आणून थांबवली.

"नात्यातला नाही असा इथं तूच हायेस."

मी प्रोजेक्टचा माणूस, म्हणून मीही चालत नव्हतो. शेवटी कळंबहून आलेला एक बांगड्यावाला पकडला. सहावी पास. दोन दिवस बांगड्या सोडून सह्या करत बसला. सहा महिन्यांनी नियम आला, साक्षीदाराचा फोन नंबर पाहिजे. त्याच्याजवळ फोनच नव्हता.

*

मंग आले तपासणीवाले. म्हणाले, फॉर्मवर तेलाचे डाग आहेत, एकाले वाळवी लागली आहे, कागद जपून ठेवत जा.

मी जपले. आपण घरी चांगला कागद कसा जपतो? तसाच. सारा गठ्ठा झेरॉक्सच्या दुकानात नेला अन् एक एक फॉर्म लॅमिनेशन करून आणला. काचेसारखे चकचकीत. डॉक्टर म्याडम, साहेबाच्या हाताखालच्या, पाहून खूश झाल्या.

पंधरा दिवसांनी दिल्लीहून मेल आला. आता प्रत्येक पानावर पुन्हा अंगठा पाहिजे.

प्लास्टिकवर शाई बसत नाही, हे मले तेव्हा समजलं. म्याडम खुर्चीवर बसल्या, डोक्याले हात लावला अन् म्हणाल्या, "मामा, तुमचं काही चुकलं नाही." त्या दिवसापासून मले त्यांच्याबद्दल वाईट बोलता येत नाही. गोळ्या मात्र दोन महिने थांबल्या, अन् पायल पुन्हा पाठीवर आली.

*

ट्रेनिंगचंही सांगून टाकतो. प्रोजेक्टवर काम करणाऱ्या साऱ्यायले कॉम्प्युटरवर परीक्षा, तीही इंग्रजीत. मी म्हटलं, मले जमत नाही. तर आमचा ऑपरेटर म्हणाला, "मामा, तुम्ही फक्त बसा." मी बसलो. त्यानं बटन दाबले. मले शंभरातून शंभर, म्याडमले ब्याऐंशी.

माहं सर्टिफिकेट भिंतीवर लागलं. त्याच्यावर काय लिहिलं आहे, ते मी अजून कोणाले विचारलं नाही.

*

आता खरं.

नियम आला की लेकरू बारा वर्षांचं झालं की त्याची स्वतःची सही पाहिजे. म्हणून साऱ्यायच्या जन्मतारखा मागवल्या. मी तांड्यावर गेलो, शाळेचे दाखले पाहिले, जसं दिसलं तसं उतरवून आणलं. एक जून, एक जून, एक जून. शाळेत नाव घालताना मास्तर अंदाजानं तेच लिहिते. बाया ऊसतोडीले जातात, लेकरू फडात होते, तारीख कोण पाहते? माह्या आधारवर पण एक जूनच आहे.

तपासणीवाल्या बाईनं कागद टेबलावर पसरले. शहाणी बाई होती, हळू बोलत होती.

"सब का जन्म एक ही दिन? ये तो किसी ने घर बैठे भरा है."

मी दाराजवळ उभा होतो. म्याडम रजेवर. खोलीत बोलू शकेल असा एकच माणूस होता. मी साहेबाकडे पाहिलं. त्याईनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला अन् म्हणाले, "तारखा मामांनी भरल्यात. मी चौकशी करतो."

मले कामावरून काढून घरी बसवलं. कारणात लिहिलं, खोटी माहिती. गोळ्या बंद.

*

तांड्यावर हे सांगायले मीच गेलो. शेवंताबाई पायलच्या पायाले गरम मिठाची पुरचुंडी लावून राह्यली होती. मी सांगितलं, साऱ्यायची तारीख एक आली म्हणून थांबलं. तिनं वर पाह्यलं नाही.

"मंग दुसरी लिवा ना भाऊ. एका तारखेपायी पोरीले कायले मारता?"

नाईकानं ते ऐकलं अन् मनावर घेतलं. मले न विचारता ट्रॅक्टर भरून सारे तालुक्याले नेले, एकेकाचं प्रतिज्ञापत्र केलं. प्रत्येकाची तारीख वेगळी. एकही दुसऱ्यासारखी येऊ नये म्हणून त्यानं स्वतः कॅलेंडरवर खुणा केल्या. कोणी दिवाळी घेतली, कोणी होळी. पायलनं तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे लेकरांच्या पोळ्याचा दिवस मागितला. तिले पहिली गोळी मी त्याच दिवशी आणून दिली होती.

नाईक तो गठ्ठा घेऊन माह्या घरी आला. छाती फुगली होती. "घे. आता एक बी सारखी नाही."

मी तो म्याडमजवळ नेऊन दिला. म्याडमनं तो गठ्ठा दिल्लीले पाठवला. उत्तर आलं, शाळेचा दाखला अन् प्रतिज्ञापत्र जुळत नाही, म्हणून सारी लेकरं प्रोजेक्टातून कमी.

*

पायलले उन्हाळ्याच्या शेवटी वॉर्डात आणलं. मी भेटायले गेलो. ती झोपली होती, म्हणून म्याडमले विचारायले वर डिपार्टमेंटले गेलो, की दुसरीकडून गोळीचं काही होते का.

वर गर्दी. टेबलावर केक. दरवर्षी राहते, मीच तर टेबल पुसत होतो. साहेबानं सुरी लावली, साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या. माह्याकडे लक्ष गेलं तसा त्यांचा हात थांबला. मंग एक तुकडा कागदाच्या प्लेटीत ठेवून स्वतः दारापर्यंत आले. "घ्या मामा," म्हणाले.

मी तो खाली नेला. पायल जागी झाली होती.

"कोनाचा वाढदिवस हाय मामा?"

"साहेबाचा."

"आज एक जून हाय का?"

"हाय."

तिनं बोटानं थोडी मलई घेतली. "माहा बी आजच होता," म्हणाली. "आता नाही."

मास्तर, लिहून झालं. माफी कोणाकडून यायची राह्यली, त्याचं नाव खाली टाक म्हणता, तर टाकतो.

डॉ. हिरासिंग चव्हाण.